नाताळची चांदणी आणि चिमुकले हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलावयास मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे घर, चूल आणि शेत हेच माझे पुस्तक. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "भाषण नका करू. नाताळच्या आधी आळीतली लहान मुले जमवून तुम्ही काय करता, तेवढे सांगा." तेवढे मला सांगता येईल, कारण ते मी हातांनी केलेले आहे, आणि त्यात चुकलेलीही आहे.

आपल्या राहुरी तालुक्यात डिसेंबर म्हणजे कांदे लावणीचे दिवस. अंगणवाडी दुपारी सुटते, आणि आया तर दिवस मावळेपर्यंत वाफ्यात वाकलेल्या. मग तीन ते सहा वर्षांची मुले म्हाताऱ्या सासूच्या नाहीतर मोबाइलच्या स्वाधीन. तीन वर्षांपूर्वी मंडळात ठरले की नाताळपर्यंत रोज दुपारी तासभर ही मुले माझ्या ओट्यावर जमवावी. पंधरा मुले आली. त्यांत आम्हां ख्रिस्ती घरांतली चार, बाकीची आपल्या सगळ्यांची.

त्या पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने श्रीरामपूरच्या बाजारातून प्लॅस्टिकचे झाड, थर्माकोल, चकाकणारी भुकटी आणि कापूस आणला. कापूस बर्फासाठी. झाडावर तो पसरला, तर एक पोर मला विचारते, "मावशी, हा कापूस कुणी सांडला?" मी म्हटले, "बाळा, हा बर्फ." ते म्हणाले, "बर्फ तर गोळेवाल्याकडं असतो." मला हसू आले, पण मनात विचारही आला. बेथलेहेमच्या गोष्टीत गोठा आहे, गव्हाणी आहे, मेंढरे आहेत. बर्फ त्या गोष्टीत कुठेच नाही. जे आपल्या दाराशी आहे ते सोडून मी बाजारातून दुसऱ्याच्या देशाची थंडी विकत आणली होती.

पण खरी चूक याहून मोठी होती. मुलांनी पुठ्ठ्याच्या चांदण्या केल्या. लहान हातांच्या त्या. कुणाचे टोक दुमडलेले, कुणाच्या कागदाला खळीचे लपके. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या बायका पाहावयास येणार होत्या. म्हणून रात्री सगळे निजल्यावर मी कात्री घेऊन बसले. वाकडी टोके कापली, फाटके कागद काढून नवे नीट चिकटवले. सकाळी पंधरा चांदण्या एकसारख्या टांगलेल्या. बायकांनी तोंडभरून कौतुक केले. मुले घरी निघाली तेव्हा मी एकेकीच्या हाती चांदणी दिली. चार वर्षांच्या एका मुलीने ती उलटसुलट करून पाहिली आणि मला परत दिली. म्हणाली, "ही माझी नाही." मी म्हटले, "अगं तुझीच आहे, बघ किती छान." ती रडली नाही की हट्ट केला नाही. फक्त रिकाम्या हाताने घरी गेली.

भगिनींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. मला माझी आई आठवली. ती मजुरी करी. तिला सही येत नसे. मी पाच वर्षांची असताना कडब्याच्या काड्यांची एक चांदणी केली होती. सुटून पडू नये म्हणून मी तिला इतका दोरा गुंडाळला की तिचा गोळाच झाला होता. आईने ती दाराच्या चौकटीवर खिळ्याला अडकवली. पाहुण्यांनी विचारले की म्हणे, "आमच्या पोरीची चांदणी." तिने तिचे एकही टोक सरळ केले नाही. आई गेल्यावर तिची पेटी उघडली, तर लुगड्यांच्या घडीखाली ती चांदणी कागदात बांधून ठेवलेली! जे माझ्या अडाणी आईला समजले होते ते मी सातवी शिकून विसरले. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीच्या घरी गेले आणि म्हटले, "बाई, माझं चुकलं. आपण तुझी चांदणी पुन्हा करू." तिने केली. पहिलीपेक्षाही वाकडी झाली, पण ती दोन्ही हातांनी उराशी धरून घरी गेली.

तेव्हापासून माझे दोनच नियम आहेत. पहिला, वस्तू आपल्या घरातल्या आणि शेतातल्या असाव्यात. दुसरा, मुलाचे काम मुलानेच करावे. आता काय काय करतो ते क्रमाने सांगते.

१ डिसेंबरला एक रिकामे खोके घेऊन त्याची गव्हाणी करतो. रोज एक मूल तिच्यात कडब्याची एक काडी ठेवते. आज कुणाला मदत केली, कुणाबरोबर खाऊ वाटून घेतला, ते सांगायचे आणि काडी ठेवायची. मग सगळ्यांनी काड्या मोजायच्या. २४ तारखेला २४ काड्या होतात आणि बाळासाठी मऊ अंथरूण तयार होते. गणित शिकवले असे मुलांना वाटतही नाही, पण तीन वर्षांचे पोर वीसपर्यंत म्हणू लागते.

कडब्याची वरची साल मात्र मुलांच्या हाती देऊ नये. तिची धार बोट कापते. साल आपण काढावी आणि आतला मऊ गाभा मुलांना द्यावा. लहानपणी आपण त्याच्याच बैलगाड्या केल्या आहेत. तीन काड्या मध्यावर एकमेकींवर ठेवल्या आणि गाठ आपण मारून दिली की सहा टोकांची चांदणी होते. दोरा मुलाने हवा तसा गुंडाळावा. तीन वर्षांच्या मुलाला तेही जमत नाही. त्याला जुनी लग्नपत्रिका चांदणीसारखी कापून द्यावी आणि जुन्या कॅलेंडरचे रंगीत कागद फाडावयास द्यावे. कागद फाडणे हेच त्या वयाचे मोठे काम. त्याने बोटांत बळ येते, आणि उद्या पेन्सिल धरावयाची ती याच बोटांनी. तुकडे चिकटवण्यास घरची खळ करावी: चमचाभर मैदा वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवावा. खळ टिकावी म्हणून पूर्वी तिच्यात मोरचूद घालीत. मुलांच्या खळीत तो कदापि घालू नये, तो विषारी आहे. रोज ताजी खळ करावी. तसेच मणी, टिकल्या, बारीक बिया लहानग्यांपुढे ठेवू नयेत. नाकात जावयास वेळ लागत नाही. पेटती मेणबत्तीही नको.

१३-१४ तारखेच्या सुमारास गहू पेरतो. गोवा-मुंबईकडच्या ख्रिस्ती घरांतही नाताळच्या गोठ्यासाठी असे धान्य उगवण्याची रीत आहे. रात्री मूठभर गहू भिजत घालावा, सकाळी जुन्या परातीत माती पसरून तो पेरावा. नाताळपर्यंत हिरवेगार गवत उभे राहते, आणि गोठ्याभोवतीचे रान तयार होते. पाणी मुलांनी ओंजळीने घालावे. थोडे सांडते, सांडू द्यावे. पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही. मुले रोज येऊन माती उकरून पाहतात. वाट पाहावयाची म्हणजे काय, ते तोंडाने सांगून त्या वयात समजत नाही. ती परात समजावून देते.

या परातीवरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. आळीतल्या एका आजींची नात माझ्याकडे येते. एक दिवस आजी ओट्याखाली उभ्या राहून मला म्हणाल्या, "तुमच्या सणाचं काम आमच्या पोरींनी कशाला करायचं?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, काळजी होती. आणि ती रास्त होती. आपले लेकरू कुठे जाते, काय शिकते, हे घरच्यांनी विचारलेच पाहिजे. मी म्हटले, "आजी, वर या, तुम्हीच बघा. पटलं नाही तर उद्या पाठवू नका." त्या वर आल्या, परातीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे तर आमचे घट!" मग म्हणाल्या, "माती इतकी दाबू नको गं. आणि गहू जवळ जवळ पेर, म्हणजे कोंब सरळ येतात." नवरात्रात पन्नास वर्षे घट बसवलेल्या त्या बाई, त्यांना काय सांगायचे! मी परात त्यांच्या हाती दिली. तेव्हापासून पेरणी आजीच करून घेतात. मी येशूबाळाची गोष्ट सांगते, त्याही बसून ऐकतात. त्यांच्या घरी त्यांचा देव, माझ्या घरी माझा. मुलांस आम्ही एकमेकींच्या दारची ओळख करून देतो. त्यांच्या दिवाळीत माझा नातू त्यांच्या अंगणात किल्ला करतो, त्याच चिखलाच्या हातांनी नाताळात गोठा करतो.

गोठ्याची मूळ गोष्टही तुम्हांस आवडेल. इटलीतील ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस याने १२२३ साली गव्हाणी मांडली, खरा बैल आणि खरे गाढव आणून उभे केले, की अडाणी माणसांनाही ती रात्र डोळ्यांनी दिसावी. आपल्याकडे तर बैल घरचाच. पोळ्याला मातीचे बैल पाहिलेल्या मुलांना ते कसे करावे हे शिकवावे लागत नाही. काळी माती वाळताना तडकते, म्हणून तिच्यात थोडा गव्हाचा भुसा मळावा आणि बैल सावलीत वाळवावे. कुणाच्या बैलाला तीन पाय असतात, कुणाच्या मेंढीला शिंगे फार मोठी. एकाने येशूबाळाशेजारी कोंबडी ठेवली. मी विचारले, "ही का रे?" तो म्हणाला, "बाळाला अंडं." मी ती कोंबडी तिथेच राहू दिली.

मेंढपाळांची गोष्ट सांगावयास मी मुलांना शिवारात नेते. थंडीत खतासाठी शेतात मेंढरे बसवतात, हे आपणांस ठाऊकच आहे. जाळीच्या वाघरात दाटीने बसलेली मेंढरे, बाहेर कुत्रा, घोंगडी पांघरून शेकोटीपाशी बसलेले धनगरदादा. गोष्टीतले मेंढपाळही रात्री असेच राखण करीत होते, एवढेच सांगितले की पुरे. मुलांनी कोकराच्या अंगावरून हात फिरवला. परत आल्यावर नाटक झाले. घोंगडी पांघरून पाच कोकरे बें बें करीत ओटाभर फिरली. बोलण्याची पाठांतरे कुणालाही दिली नव्हती. गाण्यासाठी टाळ आणि टाळ्या पुरतात. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आपल्या नगरच्या देवळांत आजही म्हणतात, ती ऐकून मुले आपोआप ताल धरतात.

शेवटचे काम स्वयंपाकघरातले. आमचा नाताळचा फराळ तुमच्या दिवाळीचाच: करंज्या, शंकरपाळे, चिवडा. मुलांना पिठाची गोळी द्यावी आणि कातणे फिरवू द्यावे. तळणीपाशी मात्र कुणीही फिरकू नये. मग प्रत्येक मूल झाकलेली ताटली घेऊन शेजारी जाते. ताटली रिकामी परत येत नाही, कुणी साखर घालते, कुणी दोन बोरे. चार वर्षांच्या मुलाने न सांडता तीन घरे ताटली नेली, तर त्याच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहण्यासारखा असतो.

हे सारे मी नवीन काढले असे नाही. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या बालशाळेस 'मुलांची बाग' असे नाव दिले. ते मुलांच्या हाती काड्या, कागद आणि माती देत. आपल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला आदिवासी पाड्यांत नेले. महागडी साधने बाजूस ठेवून त्यांनी खडे, पाने, बिया, शिंपले यांवर मुले शिकवली, आणि मुले शाळेत येईनात तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्या मानाने माझा ओटा तो केवढा? पण ओटा प्रत्येकीला असतो.

भगिनींनो, जाता जाता एकच विनंती. यंदा नाताळात किंवा कोणत्याही सणात मूल काही करून आणील, तेव्हा कात्री घेऊन बसू नका. वाकडे असेल तर वाकडेच दारावर लावा, आणि पाहुण्यांस सांगा की हे आमच्या लेकराने केले. ते मूल कोपऱ्यात उभे राहून ऐकत असते. आणि नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी सवड काढून माझ्या ओट्यावर या. यंदाही गव्हाणीपाशी ती कोंबडी असणार आहे. केलेल्याने मला आधीच बजावून ठेवले आहे.