उडताना त्यांचा, पडल्यावर आमचा

(बचत गटांतील महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

संयोजक ताईंनी मला निरोप दिला होता की, तुमच्या गटाच्या ड्रोनच्या यशाबद्दल बोला. मी म्हटलं, यशाबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत. आमचे फोटोही पुष्कळ निघाले. मी आज ड्रोन पडला त्या दिवसाबद्दल बोलणार आहे. कारण तो पडला, तेव्हाच आम्हाला प्रश्न पडला की हा ड्रोन नेमका कोणाचा?

आमच्या गटाकडे ड्रोन आला जून २०२४ मध्ये. थोडं अनुदान, थोडं बँकेचं कर्ज आणि बाकी गटाची शिल्लक. दहा लिटरची टाकी. भरून उचलला की वजन जवळपास पंचवीस किलो. पाठीवर पंप घेऊन ज्या कामाला अर्धा दिवस जातो, ते एक एकराचं काम हा सात-आठ मिनिटांत करतो. औषध अंगावर उडत नाही, कंबर मोडत नाही. हे सगळं खरं आहे. यंत्राला नावं ठेवायला मी इथे उभी नाही.

ज्यांनी ड्रोन जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शेताच्या कडेकडेच्या खुणा नकाशावर घ्यायच्या. पिकाच्या वर किती उंचीवरून जायचं, किती वेगाने जायचं, किती औषध सोडायचं ते भरायचं. मग बटण दाबलं की तो आपोआप उडतो, पाळीच्या फेऱ्यांसारख्या ओळी घालतो. बॅटरी उतरली की तो स्वतःच काम थांबवतो आणि जिथून उडाला तिथे परत येतो. परत येताना किती उंचीवरून यायचं, हा आकडाही आधीच भरलेला असतो. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. आमची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

सप्टेंबर महिना होता. तुरीवर फवारणी चालली होती. तिसरी टाकी संपत आली आणि बॅटरी कमी झाल्याचा आवाज रिमोटवर आला. ड्रोन वळला, सरळ रेषेत परत निघाला. मध्ये बांधावर जुना कडुलिंब होता. ड्रोन त्याच्या शेंड्याखालच्या फांद्यांत घुसला आणि खाली आला. दोन पंखे तुटले, एक हात मोडला, टाकी फुटली, खालचा कॅमेरा गेला. नशिबाने झाडाखाली कोणी नव्हतं. संध्याकाळी घरी गेले तेव्हा सासूबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कुणाला लागलं तर नाही ना?" नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मग जेवून घे." त्या दिवशी इतकं शहाणपणाचं दुसरं कोणी बोललं नाही.

कारण पारावर दुसरंच चाललं होतं. "बाईच्या हातात दिल्यावर दुसरं काय होणार?" आमच्या गावात ट्रॅक्टरची ट्रॉली दर हंगामाला एखादी तरी उलटते. तेव्हा कोणी म्हणत नाही की पुरुषाच्या हातात स्टिअरिंग दिलं म्हणून उलटली. तिथे रस्ता खराब असतो, ओझं जास्त असतं. बाईच्या बाबतीत मात्र ना रस्ता असतो, ना ओझं. फक्त बाई असते. आणि गंमत बघा, ड्रोन पडला तेव्हा तो माझ्या हातात नव्हताच. तो स्वतः उडत होता.

पण पारावरचं बोलणं आम्हाला नवं नाही. तेच बोलणं कंपनीच्या कागदावर छापून आलं, तेव्हा मात्र आम्ही हबकलो.

कंपनी म्हणाली, वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते, अपघाताला नाही. अपघात पायलटच्या चुकीने झाला. विकणारा म्हणाला, मी फक्त यंत्र पोचवतो, कंपनीशी बोला. विमा कंपनीने दोन गोष्टी मागितल्या: उड्डाणाची नोंद, ज्याला लॉग म्हणतात, आणि नोंदणीचा कागद. कागद काढून बघतो तर ड्रोनचा नोंदणी क्रमांक अजून विकणाऱ्याच्याच नावावर! विक्रीनंतर तो आमच्या गटाच्या नावावर करून द्यायचा होता, ते राहूनच गेलं होतं. विमा कंपनीने विचारलं, मालक तुम्ही कशावरून? आणि बँकेने काहीच विचारलं नाही. बँकेला मालक कोण ते पक्कं ठाऊक होतं. हप्त्याची तारीख आली, हप्ता कापला गेला.

म्हणजे बघा. कागदावर मालक विकणारा. आतले आकडे भरणारा कंपनीचा माणूस. उडण्याचा निर्णय यंत्राचा. आणि पडल्यावर जबाबदार कोण? तर जिच्या नावाचं पायलटचं प्रमाणपत्र आहे ती. चौघांच्या कामातली फक्त जोखीम तेवढी बाईच्या वाट्याला. हा हिशेब आपल्याला ओळखीचा वाटत नाही का? शेतात राबायचं आपण, सातबारा दुसऱ्याच्या नावावर, आणि पीक बुडालं की पायगुण आपला.

आता माझी चूक सांगते, कारण ती लपवून न्याय मागता येत नाही. ड्रोन आपोआप उडत असला तरी पायलटने नजर त्याच्यावर ठेवायची असते आणि गरज पडली तर ताबा हातात घ्यायचा असतो. तो कळ फिरवायचा खटका माझ्या बोटाखाली होता. ड्रोन परत वळला, मी म्हटलं येईल आपला आपण, आणि दुसरी बॅटरी काढायला वाकले. ती चूक माझी. पण परतीची उंची दहा मीटर ठेवली होती, ती मी ठेवली नव्हती. ज्या दिवशी ड्रोन ताब्यात दिला त्या दिवशी कंपनीच्या माणसाने शाळेच्या मैदानावर तो उडवून दाखवला आणि आकडे तिथेच भरले. मैदानावर झाड नव्हतं. आमचं प्रशिक्षणही मैदानावरच झालं. परतीच्या उंचीबद्दल तिथे एक वाक्य सांगितलं असेल. प्रत्येक नव्या शेतात, सगळ्यात उंच झाड आणि वरून जाणारी तार बघून तो आकडा बदलायचा, हे हाताला धरून कोणी शिकवलं नाही. सूचनांचं पुस्तक इंग्रजीत होतं. अडथळा ओळखणारी यंत्रणा होती, पण बारीक फांदी किंवा विजेची तार तिला दिसेलच असं नाही, हेही आम्हाला पडल्यावर कळलं.

भांडण सुटलं ते लॉगमुळे. ड्रोन प्रत्येक उड्डाणाची नोंद ठेवतो: किती वाजता उडाला, किती उंचीवर होता, बॅटरी किती होती, आपोआप उडत होता की हाताने, आणि पायलटची बोटं रिमोटवर हलली की नाही. माझ्या बोटांची साक्ष त्या यंत्राच्या पोटात होती, पण ती उघडायची किल्ली कंपनीकडे. तोंडी मागितली, मिळाली नाही. मग गटाची बैठक घेऊन ठराव केला, रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं, एक प्रत बँकेला आणि एक जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना. सात आठवड्यांनी नोंद हाती आली. गटातल्या एका ताईची मुलगी आयटीआयला शिकते, तिने ओळ न् ओळ वाचून दाखवली. पडताना ड्रोन आपोआपच उडत होता. परतीची उंची दहा मीटर. आणि ताब्यात दिल्याच्या दिवशीच्या पहिल्या उड्डाणातही तोच दहाचा आकडा.

हे कागद समोर ठेवल्यावर कंपनीची भाषा बदलली. सुटे भाग त्यांनी दिले, मजुरी आणि ने-आण आमच्याकडे. विम्याचा पैसा मिळाला नाही, कारण नोंदणी. हंगाम गेला, हप्ते बचतीतून भरले. जानेवारी २०२५ मध्ये ड्रोन पुन्हा हरभऱ्यावर उडाला. याला विजय म्हणायचं की नाही, तुम्ही ठरवा. मी अर्धा न्याय म्हणते.

मैत्रिणींनो, ही एका गटाची गोष्ट असती तर मी तुमचा वेळ घेतला नसता. पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२३ च्या भाषणात पंधरा हजार महिला बचत गटांना ड्रोनचं प्रशिक्षण देण्याची घोषणा केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारने नमो ड्रोन दीदी योजनेला १,२६१ कोटी रुपये मंजूर केले. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान, उरलेल्यासाठी कर्ज. प्रशिक्षण पंधरा दिवसांचं. पुढे आलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार ड्रोनसोबत एक वर्षाची वॉरंटी, एक वर्षाचा विमा आणि दोन वर्षांचा देखभाल करारही मिळतो. ही चांगली गोष्ट आहे. पण विमा एकाच वर्षाचा, हे लक्षात घ्या. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरलं तर पडलेला ड्रोन देखभालीच्या करारातून उभा राहीलच असं नाही. देखभाल म्हणजे अपघाताची भरपाई नव्हे.

म्हणून आम्ही जे ठेच लागून शिकलो ते सांगते. लिहून घ्या.

एक. नोंदणी क्रमांक गटाच्या नावावर झाल्याशिवाय ताबा मिळाल्याची सही करू नका. दोन. ताबा घेताना सगळे भरलेले आकडे कागदावर उतरवून कंपनीच्या माणसाची सही घ्या. तीन. प्रत्येक शेतात आधी चालत फेरी मारा. झाड, खांब, बोअरची लोंबती तार बघा आणि मगच परतीची उंची ठेवा. शेतकरी घाई करतो म्हणून ही फेरी चुकवू नका. चार. लॉग कसा काढायचा ते ताबा घेतानाच शिका आणि रोज उतरवून ठेवा. पाच. पडलाच, तर हलवण्याआधी फोटो काढा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे अपघाताची माहिती ४८ तासांत नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला डिजिटल स्कायवर पायलटने द्यायची असते. सहा. वॉरंटी आणि विम्याच्या अटी मराठीत मागा, गटात मोठ्याने वाचा.

आणि 'तुम्ही धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही' असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची धरली जात नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते, कंपनी परराज्यातली असली तरी.

शेवटचं. योजनेत पायलट बाई असेल असं म्हटलं आहे, आणि दुरुस्तीची आवड असलेली गटातली दुसरी सदस्य किंवा घरातली व्यक्ती सहायक म्हणून शिकेल असंही म्हटलं आहे. 'घरातली व्यक्ती' म्हटलं की आपल्याकडे कोण पुढे येतं ते तुम्हाला माहीत आहे. उडवणार बाई आणि पान्हा हातात नवऱ्याच्या किंवा दिराच्या, असं होऊ देऊ नका. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्याच्या कामातून अक्षरओळखही नसलेल्या बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. तोवर पंप बिघडला की मिस्त्रीची वाट बघत दूरवरून पाणी आणायचं कामही बाईचंच होतं. पान्हा हातात आल्यावर वाट बघणं संपलं. आपला ड्रोन म्हणजे आजचा हातपंपच आहे.

प्रभागसंघाने सगळ्या गटांचा मिळून एकच देखभाल करार करावा, तालुक्याला सुट्या भागांचं एक कपाट असावं, आणि त्याची किल्ली दोन प्रशिक्षित बायकांकडे असावी, असा ठराव मी आज मांडते आहे. त्यासोबत एक मागणी: लॉगची किल्ली ज्याचा ड्रोन त्याच्याकडे.

आम्ही ड्रोन पुन्हा उडवतो आहोत. कडुलिंब तिथेच आहे. तो कोणी तोडू म्हणालं नाही, आणि आम्ही तोडूही दिला नसता. आम्ही आकडा बदलला.