रेषेच्या आतला रंग



माझी धाकटी मुलगी रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसलेली असते. तिचे दोन मित्र पदरचे पैसे घालून एक व्हिडिओ गेम तयार करत आहेत. त्यातल्या पात्रांच्या हालचाली एकजण हाताने काढतो आणि ही त्यांत रंग भरते. नातेवाईक विचारत, ‘‘मुलगी काय करते?’’ मी सांगे, ‘‘कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे.’’ रंग भरते, असे सांगायला जीभ धजत नसे.

एका रात्री मी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसलो. पडद्यावर एक म्हातारा कंदील घेऊन चालला होता. त्याच्या दोन पावलांसाठी 24 चित्रे होती. प्रत्येक चित्रात टोपी, सदरा, कंदील आणि सावली पुन्हा रंगवायची. रेषेत केसाएवढी फट राहिली, तरी रंग तिथून निसटून सगळ्या चित्रभर पसरतो. मग फट शोधा, बुजवा आणि पुन्हा भरा. ती म्हणाली, ‘‘अब्बा, एकाच चित्रात टोपीचा रंग जरासा बदलला, तर चालताना ती टोपी लुकलुकते. काम नीट झालं, तर कुणाच्या लक्षातही येत नाही.’’

मग तिने मला ‘कपहेड’ हा गेम दाखवला. कॅनडातल्या चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉवर या भावांचा हा गेम 2017 साली आला. 1930च्या दशकातल्या अमेरिकन कार्टूनपटांसारखा तो दिसतो. पात्रे कागदावर पेन्सिलीने काढलेली, पार्श्वभूमी जलरंगातली. चॅडची पत्नी माया हिने हजारो चित्रांवर हाताने शाई फिरवली. नंतर ती चित्रे संगणकावर घेऊन रंगवली. त्यासाठी या भावांनी नोकऱ्या सोडल्या, घरे गहाण टाकली.

त्या जुन्या कार्टूनपटांच्या काळी हे काम पारदर्शक पत्र्यांवर चाले. पुढच्या बाजूने शाईची रेषा, मागच्या बाजूने रंग. 1937 सालच्या डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’साठी रंगविभागात प्रामुख्याने तरुण मुली होत्या. त्यांतल्या बहुतेक जणींची नावे पडद्यावर आली नाहीत. सिनेमा मात्र जगाने पाहिला.

हे ऐकताना मला माझीच लाज वाटली. छापलेल्या कवितेत एक अनुस्वार चुकला, तरी मी संपादकांना पत्र लिहितो. आणि टोपीच्या रंगासाठी रात्र जागणाऱ्या मुलीचे काम मी चारचौघांत लपवत होतो! तिचा गेम चालेल की नाही, कुणास ठाऊक. मित्रांचे पैसे संपत आले आहेत आणि तिला दोन महिन्यांचे मानधन मिळायचे आहे. तरी म्हातारा आता नदीपर्यंत पोहोचला आहे.

परवा एका लग्नात खालाने तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, ‘‘चित्रांत रंग भरते.’’

‘‘एवढंच?’’

‘‘हो. एकाच म्हाताऱ्याची एकच टोपी, 24 वेळा. आणि चोवीसही वेळा अगदी तीच.’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)