तोंडी बोलीची मजुरी बुडत नाही
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाची शेवटची वेचणी झाली, ज्वारीचं खळं उरकलं की आपल्या कोरडवाहू गावांतली माणसं कालव्याच्या, रस्त्याच्या कामावर निघतात. हौस म्हणून कुणी जात नाही. पेरणीला पैसा लागतो आणि तो शेतात उरलेला नसतो, म्हणून जातात.

आम्ही अकराजण असेच एका रस्त्याच्या कामावर गेलो होतो. बोली झाली पारावर. रोज ५०० रुपये, शनिवारी खर्ची, काम संपलं की हिशेब. कागद नाही, सही नाही. ४१ दिवस राबलो. माणशी २०,५०० झाले. खर्चीत ६,००० मिळाले, १४,५०० राहिले. गुत्तेदार म्हणाला, ‘बिल निघालं नाही.’ पुढं फोन उचलेना. शेवटी म्हणाला, ‘बोली ३०० चीच होती. ५०० चा कागद दाखवा.’

कागद कुठला दाखवणार? मृग तोंडावर आला होता. बियाणं दुकानदाराकडून उधारीवर उचललं. म्हणजे मजुरी आमची अडकली आणि व्याजही आम्हीच भरलं.

दोघांनी परस्पर ८,००० वर तडजोड केली. त्यांना दोष देत नाही, घरात दाणा नव्हता. उरलेले नऊजण मात्र एकत्र बसलो. एकाच्या मुलीनं वहीत रोजची हजेरी मांडली होती: तारीख, कुठल्या मैलापर्यंत काम, कोण हजर. खर्चीचे काही पैसे फोनवरून आले होते, त्याची नोंद बँकेत होती. कामावरच्या फलकावर खात्याचं नाव होतं. नऊजणांच्या सहीचा एकच अर्ज केला. एक प्रत सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे, एक त्या खात्याच्या उपअभियंत्याकडे. दोन्हींवर पोच घेतली. खात्यानं विचारणा केली तसा गुत्तेदार स्वतः गावात आला. दोन हप्त्यांत सगळी रक्कम दिली. जो माणूस आम्हाला कागद मागत होता, तो आमचा कागद पाहून आला!

यातून आम्ही जे शिकलो ते सांगतो.

तोंडी करार हाही करारच. १८७२ च्या करार कायद्यानं तो नाकारलेला नाही. ‘बिल निघालं नाही’ हा गुत्तेदाराचा आणि खात्याचा आपसातला प्रश्न आहे, मजुराचा नव्हे. दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की ठेकेदार मध्ये आहे म्हणून काम करवून घेणाऱ्या सरकारची जबाबदारी सुटत नाही. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबवणं ही वेठबिगारीच, हेही त्याच निकालात आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २०१९ ची वेतन संहिता लागू झाली आहे. तिच्याखाली थकलेल्या मजुरीचा दावा ३ वर्षांच्या आत करता येतो. पैसे दिले, हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. मजुरीवर दहापटीपर्यंत भरपाईचा हुकूम होऊ शकतो. गुत्तेदारानं हात वर केले तर ज्याचं काम त्यानं मजुरी द्यायची. पण आपण कामावर होतो आणि दर काय ठरला होता, हे आपल्याला सांगता आलं पाहिजे. तिथंच आपण लंगडे पडतो.

म्हणून निघण्याआधी चार माणसांसमोर दर बोलून घ्या. गुत्तेदाराचं पूर्ण नाव आणि गाव विचारा. हजेरीची वही आपली ठेवा, जमलं तर आठवड्याला मुकादमाची सही घ्या. खर्ची घेतली की लगेच मांडा. पैसे थकले तर महिनोन् महिने वाट पाहू नका आणि एकटे जाऊ नका.

शेवटची गोष्ट जरा कडू आहे. आपणही वेचणीला बाया बोलावतो. किलोचा दर तोंडीच ठरतो. ‘कापूस विकला की देऊ’ म्हणून त्यांना बाजाराच्या दिवशी रिकाम्या हातानं परत पाठवतो, तेव्हा आपणही ‘बिल निघालं नाही’ असंच म्हणत असतो. बाजारानं आपल्याला नाडलं, हे खरं. पण त्याचा हिशेब त्या बाईच्या मजुरीतून चुकता करायचा नाही. गुत्तेदाराकडं घामाचा दाम मागायला जायचं, तर आधी आपल्या बांधावरची वही चोख पाहिजे.