दक्षिण आकाशाची नोंदवही
(विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आजच्या मेळाव्यात विज्ञानावर काही बोलावे, असे मंडळाने आम्हांस सुचविले. विज्ञान म्हटले की आपल्याला मोठे शोध आणि मोठी नावे आठवतात. आम्ही मात्र आज एका यादीविषयी बोलणार आहोत. दक्षिण आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी नेमक्या कोठून येतात, याची ही यादी. ती करायला माणसे १९४०च्या दशकात बसली आणि अजून उठलेली नाहीत. विश्वाला आरंभ आहे की नाही, हा प्रश्न एके काळी अशा याद्यांवरच येऊन ठेपला होता.

प्रथम रेडिओ स्रोत म्हणजे काय ते पाहू. आकाशातील काही वस्तू प्रकाशाप्रमाणेच रेडिओ लहरीही सोडतात. दूरच्या दीर्घिका, क्वासार, फुटलेल्या ताऱ्यांचे अवशेष ही त्यांची उदाहरणे. डोळ्यांना या लहरी दिसत नाहीत. त्या पकडण्यासाठी रेडिओ दुर्बीण लागते. आकाशाच्या ज्या ठिकाणाहून अशा लहरी येतात, त्याला रेडिओ स्रोत म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर रडारचे ज्ञान असलेले अनेक तरुण या कामाकडे वळले. इंग्लंडमध्ये केंब्रिज आणि ऑस्ट्रेलियात सिडनी ही त्यांची दोन मोठी केंद्रे. सिडनीजवळच्या समुद्रकड्यावर अँटेना बसवून जॉन बोल्टन, गॉर्डन स्टॅनली आणि ब्रूस स्ली यांनी काही स्रोतांच्या जागा बारकाईने मोजल्या. १९४९ साली त्यांनी तीन स्रोतांची ओळख पटवली. त्यांपैकी नरतुरंग तारकासमूहातील स्रोत म्हणजे एक दीर्घिका निघाली. दक्षिणेकडचे असे कित्येक स्रोत केंब्रिजच्या क्षितिजावर कधी उगवतच नाहीत. आकाशाचा तो भाग ज्याच्या माथ्यावर येतो, त्यानेच त्याची नोंद करायला हवी होती.

ते काम बर्नार्ड मिल्स यांनी हाती घेतले. सिडनीजवळ फ्लर्स येथे १९५४ साली त्यांची दुर्बीण उभी राहिली. एक उत्तर-दक्षिण आणि एक पूर्व-पश्चिम अशा अँटेनांच्या दोन रांगा, प्रत्येक सुमारे ४५० मीटर लांब. कापडात उभा आणि आडवा धागा एका ठिकाणी छेदतात, तशा या दोन रांगांच्या नजरा आकाशातील एका लहानशा जागी छेदत. तेवढ्याच जागेतून आलेला संदेश वेगळा काढला जाई. ही ‘लहानशी’ जागादेखील पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या सुमारे दीडपट रुंद होती. पृथ्वी फिरे तसे आकाश दुर्बिणीवरून सरके आणि कागदी पट्टीवर लेखणीची रेघ वरखाली होई. त्या रेघेतील उंचवटे वाचून मिल्स, स्ली आणि हिल यांनी १९५८, १९६० आणि १९६१ साली तीन भागांत सूची प्रसिद्ध केली. तीत एकूण २२७० स्रोत होते.

आता वादाकडे येऊ. केंब्रिजमध्ये मार्टिन राइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली १९३६ स्रोतांची यादी प्रसिद्ध केली होती. त्या काळी विश्वाविषयी दोन मते होती. एक मत असे की विश्वाला आरंभ आहे आणि ते काळानुसार बदलत गेले. दुसरे मत फ्रेड हॉईल आदींचे. विश्व मोठ्या प्रमाणावर नेहमी सारखेच असते, असे ते म्हणत.

यादीवरून याचा निवाडा कसा करायचा? हिशेब शाळेतलाच आहे. दुप्पट दूरचा दिवा चौपट मंद दिसतो. म्हणून चौपट मंद स्रोत टिपणारी दुर्बीण दुप्पट दूरवर पाहते, आणि दुप्पट अंतराच्या गोलाचे घनफळ आठपट असते. स्रोत सगळीकडे सारखे विखुरलेले असतील, तर मोजणी सुमारे आठपट वाढावी. केंब्रिजच्या यादीत ती सुमारे चौसष्टपट वाढत होती! दूरवर, म्हणजेच पूर्वीच्या काळी, स्रोत फार दाट होते. म्हणून विश्व बदलले आहे, असा निष्कर्ष राइल यांनी काढला.

सिडनीकरांनी १९५७ साली एक साधी गोष्ट केली. दोन्ही दुर्बिणींना दिसणारा आकाशाचा तुकडा घेऊन त्यांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. एकाच आकाशाच्या त्या याद्या, पण बहुतेक नोंदी जुळेनात. सिडनीच्या मोजणीत वाढही आठपटीऐवजी दहापटीच्या आसपासच निघत होती. कारण केंब्रिजच्या दुर्बिणीच्या रुंद नजरेत सापडले. रात्री घाटावरून दूरच्या वस्तीकडे पाहिले की चार घरांचे चार दिवे मिळून एकच दिवा वाटतो. तसे अनेक मंद स्रोत एकत्र मिसळून यादीत एक स्रोत म्हणून लिहिले गेले होते. सिडनीची सूचीही निर्दोष नव्हती. तिच्यातील काही मंद नोंदी पुढच्या निरीक्षणांत टिकल्या नाहीत. पण आपल्या दुर्बिणीला किती बारीक दिसते आणि कोठे धूसर होते, याचा हिशेब तिने मांडला होता.

पुढे केंब्रिजकरांनी अधिक चांगल्या दुर्बिणीने काम पुन्हा केले. १९६१ साली राइल यांनी नवी मोजणी मांडली, तेव्हा कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये हॉईल यांचे विद्यार्थी होते. गुरुशिष्यांनी मिळून राइल यांच्या निष्कर्षाला आव्हान दिले. नव्या मोजणीत चौसष्टपट वाढ उरली नव्हती, तरी ती आठपटीपेक्षा जास्तच होती. १९६५ साली विश्वातील पार्श्वप्रारणाचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी बदलत्या विश्वाचे मत स्वीकारले. राइल यांच्या निष्कर्षाची दिशा बरोबर होती, पण त्यासाठी दिलेला पहिला पुरावा टिकणारा नव्हता. उत्तर बरोबर आले म्हणून रीत बरोबर ठरत नाही, हे गणिताच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते.

मित्रहो, त्यानंतर दक्षिण आकाशाची नोंद वाढतच गेली. पार्क्स येथील ६४ मीटर व्यासाची दुर्बीण १९६१ साली सुरू झाली. तिच्या सूचीत स्रोताचे नाव हाच त्याचा पत्ता असतो. ‘पीकेएस २१५५-३०४’ म्हणजे २१ तास ५५ मिनिटे विषुवांश आणि खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेस ३०.४ अंश. मिल्स यांनीच मोलोंग्लो येथे १९६०च्या दशकात नवी मोठी दुर्बीण उभारली. तिच्या निरीक्षणांतून १९८१ साली १२,१४१ स्रोतांची सूची निघाली. तिचीच पूर्व-पश्चिम भुजा सुधारून १९९७ पासून ८४३ मेगाहर्ट्झ कंप्रतेवर नवे सर्वेक्षण झाले. उणे ३० अंशांच्या दक्षिणेकडील सुमारे ८१०० चौरस अंश आकाश त्यात आले आणि सूचीत दोन लाखांहून अधिक स्रोत नोंदले गेले.

एवढ्या नोंदी हाताने होत नाहीत. संगणक चित्रातील प्रत्येक उजळ ठिपक्यावर लंबवर्तुळ बसवतो आणि जागा, तीव्रता, आकार व प्रत्येकातील संभाव्य चूक लिहितो. परंतु प्रखर स्रोताभोवती दुर्बिणीच्या रचनेमुळे खोटे ठिपकेही उमटतात. म्हणून आधी काही नमुने माणसांनी डोळ्यांनी पाहून खरे-खोटे ठरवले, त्यावरून संगणकाला नियम शिकवले आणि मग बाकीची छाननी केली. कोणत्या तीव्रतेखालचे स्रोत या सूचीत मिळणार नाहीत, हेही कर्त्यांनी स्पष्ट नोंदवून ठेवले आहे.

आज पश्चिम ऑस्ट्रेलियात, वाजारी यामाजी या मूळ रहिवाशांच्या भूमीवर, प्रत्येकी १२ मीटर व्यासाच्या ३६ अँटेना काम करीत आहेत. त्यांच्या पहिल्या जलद सर्वेक्षणाची २०२१ ची सूची सुमारे २१ लाख स्रोतांची आहे. याच अँटेनांनी २०१९ साली टिपलेल्या चित्रांत, माणसे डोळ्यांनी चित्रे चाळत असताना, आधी कोणी न पाहिलेली फिकट रेडिओ वर्तुळे आढळली. तसले एक वर्तुळ आपल्या जुन्नर तालुक्यातील खोडदच्या दुर्बिणीच्या २०१३ मधील निरीक्षणांतही निघाले. ते तेथे होते, पण कोणी पाहिले नव्हते.

खोडदचा उल्लेख आला, म्हणून विद्यार्थ्यांना एक काम सुचवून थांबतो. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचा सुमारे नव्वद टक्के भाग पाहिला. त्यावरून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सूचीत सुमारे सहा लाख वीस हजार स्रोत आहेत आणि ती दक्षिणेस उणे ५३ अंशांपर्यंत जाते. म्हणजे उणे ३० ते उणे ५३ हा पट्टा खोडदच्याही यादीत आहे आणि मोलोंग्लोच्याही. दोन्ही याद्या सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत.

त्या पट्ट्यातील दहा स्रोत निवडा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवा. बहुतेक स्रोत कमी कंप्रतेवर अधिक प्रखर आढळतील. एखादा एका यादीत प्रखर आणि दुसरीत मुळीच नाही, असे झाले तर तेथे थांबा. एखादी यादी चुकली असेल, तो स्रोत बदलला असेल किंवा त्याचा स्वभावच निराळा असेल. यांपैकी काय खरे, हे तुमच्या शिक्षकांना ठाऊक नसेल आणि आम्हांलाही नाही. ते तपासूनच ठरवावे लागेल.