साहेब पाहत नसताना



सिन्नर तालुक्यातली मुलं-मुली आता बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटलाही जातात. घरी पहिला प्रश्न निघतो पगाराचा, आणि तो रास्तच आहे. पण मोठ्या हॉटेलात माणूस मन लावून का राबतो, याचं उत्तर पगारात पुरतं सापडत नाही.

बिडीचा धंदा आपल्याकडे जुना. तिथे मजुरी हजार बिड्यांवर. वळण बिघडलं की छाट निघते, म्हणजे बिडी बाद होते. काम हातात घेऊन पारखता येतं. हॉटेलातल्या वागणुकीची छाट कोण काढणार? मुंबईच्या ताजमहाल हॉटेलावर हार्वर्डचे प्राध्यापक रोहित देशपांडे आणि त्यांच्या सहलेखिका अंजली रैना यांनी २०११ साली लेख लिहिला. त्यांच्या मते, ताजमध्ये उतरलेल्या पाहुण्याची चोवीस तासांत कर्मचाऱ्यांशी ४० ते ४५ वेळा गाठ पडते, आणि बहुतेक वेळा तिथे साहेब नसतो. चहा आणणारा असो की खोली आवरणारी, त्या घडीला नीट वागायचं की वेळ मारून न्यायची, हे ज्याचं त्यानंच ठरवायचं.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ताजवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा हेच ठरवणं जिवावर बेतलं. मागच्या वाटा कर्मचाऱ्यांना पाठ होत्या, निघून जाता आलं असतं. तरी कितीतरी जण थांबले, पाहुण्यांना बाहेर काढत राहिले. स्वयंपाकघरातली माणसं तर पाहुण्यांच्या आड उभी राहिली. हॉटेलचे अकरा कर्मचारी त्या हल्ल्यात गेले. सरव्यवस्थापक करमबीर कांग यांची पत्नी आणि दोन मुलं वरच्या मजल्यावर अडकून दगावली. ते मात्र इतरांच्या सुटकेच्या कामात उभे होते. असं वागा, हे कुठल्याही नियमावलीत लिहिलेलं नव्हतं.

मग हे आलं कुठून? लेखकांनी भरतीपासून शोध घेतला. ताजची माणसं नवी पोरं निवडायला मुंबईपेक्षा पुण्यासारख्या त्यामानाने लहान शहरांकडे वळत. गुणपत्रिकेआधी स्वभाव बघत: वडीलधाऱ्यांचा मान राखतो का, चेहरा हसरा आहे का. इतर हॉटेलांत साधारण बारा महिने शिकवत, इथे अठरा. आणि शिकवण अशी, की कंपनी आणि पाहुणा यांत ओढाताण झाली तर पाहुण्याची बाजू घ्या. नवख्या पोरावर एवढा भरवसा टाकला, की ते तो सांभाळायला धडपडतं. केलेल्या कामाचं कौतुकही लगेच व्हायचं. पाहुण्यानं किंवा सहकाऱ्यानं वाखाणलं, तर ४८ तासांत वरिष्ठांनी दखल घ्यायची, अशी पद्धतच होती. मला यात सगळ्यात मोलाचे वाटतात ते हे ४८ तास. वर्षाअखेरच्या सत्कारापेक्षा परवाच्या कामाबद्दल आज मिळालेली शाबासकी माणसाला जास्त बळ देते.

पण शाबासकीनं घरभाडं भागत नाही, हेही तितकंच खरं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ सालीच मांडलं होतं, की पगार अपुरा असला तर माणूस नाराज होतो. मात्र पगार पुरेसा झाल्यानं काम आपोआप आवडू लागत नाही. शिकाऊ म्हणून घेऊन बारा-बारा तास राबवायचं आणि वर सेवाभावाचे धडे द्यायचे, हा पोरांवर अन्याय आहे.

म्हणून सिन्नरच्या मुला-मुलींना माझं सांगणं आहे. मुलाखतीला जाल तेव्हा पगार आणि कामाचे तास विचाराच, संकोच करू नका. त्याबरोबर हेही विचारा: पाहुण्याची तक्रार जागच्या जागी मिटवायची मुभा मला पहिल्या वर्षी किती असेल? आणि काम चांगलं झालं, तर ते मला कोण सांगेल, किती दिवसांत?