शिवाजी पार्कची माती



विषयाचे नाव वाचून कोणी महाराजांच्या चरित्रावरील व्याख्यान ऐकावयास आला असेल, तर त्याची आम्ही आधीच क्षमा मागतो. आज आम्ही बोलणार आहोत ते खरोखरीच्या मातीविषयी. धोतराला आणि खिडकीच्या गजाला लागते त्या.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला आणि दाटीवाटीच्या चाळी म्हणजे मरणाची दारे आहेत हे सरकारास कळून चुकले. १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखीव वस्ती त्याच्याच योजनेतली. रुंद रस्ते, झाडे, घराघरांत वारा, आणि मधोमध सुमारे २८ एकरांची मोकळी जागा. म्हणजे हे मैदान कोणा रसिकाची हौस नव्हे. शहराच्या फुफ्फुसांसाठी केलेला तो इलाज आहे. एवढे ध्यानात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१९२५ साली मैदान लोकांस खुले झाले तेव्हा त्याचे नाव माहीम पार्क होते. दोन वर्षांनी, शिवजन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने ते शिवाजी पार्क झाले. २०२० मध्ये त्यात ‘छत्रपती’ आणि ‘महाराज’ ही पदे आली. दादरकर मात्र ‘जरा पार्कात जाऊन येतो’ एवढेच म्हणतो. त्यात अनादर नाही, घरोबा आहे.

या जागेने काय काय पाहिले! संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत आचार्य अत्र्यांनी इथे लाखोंना हसविले आणि पेटविले. रमाकांत आचरेकर सर स्टंपावर रुपयाचे नाणे ठेवून सचिन तेंडुलकरला खेळवीत, तेही इथेच. दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे हजारो लोक याच मैदानात पथारी टाकतात. आणि कट्टा! एक किलोमीटरहून थोडा अधिक असा तो फेरा. त्यावर बसून आमच्यासारख्यांनी राज्ये उलथविली आणि क्रिकेटचे संघ निवडले, पैशाचा खर्च नाही.

आता मातीकडे वळू. मैदान सुधारावे म्हणून तिथे तांबडी माती टाकण्यात आली. हेतू चांगलाच होता. ही माती पाणी मारून रूळ फिरविला की घट्ट बसते, चेंडू नीट उसळतो. पण तिला ओल हवी. ती सुकली, हजारो पायांखाली भुगा झाली, आणि हाकेच्या अंतरावर समुद्र. दुपारचा पश्चिमेचा वारा सुटला की ती उठते आणि भोवतालच्या घरांत शिरते. ज्या मोकळ्या जागेने फुफ्फुसे वाचवायची, तिनेच म्हाताऱ्यांना दम लागू लागला. रहिवाशांनी अर्ज केले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने पालिकेस बजावले, पावसाचे पाणी साठविण्याच्या विहिरी आणि फवारे झाले, गवत लावून झाले. धूळ उठायची ती उठतेच.

का? आमच्या मते उत्तर सोपे असून कडू आहे. धूळ धरून ठेवते ती गवताची मुळी, आणि मुळीला विसावा लागतो. या मैदानाला विसावा नाही. सकाळी जाळ्यांतला सराव, दिवसभर सामने, संध्याकाळी फिरणारे. २०१० साली उच्च न्यायालयाने परिसर शांतता क्षेत्र ठरविला. पुढे राज्य सरकारने वर्षाचे ४५ दिवस खेळाखेरीज इतर कार्यक्रमांना दिले, त्यामुळे कानांची थोडी सोय झाली. गवताची कोणी केली नाही. पावसाळ्यात कोवळे गवत धरते आणि दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या गर्दीत ते निजते.

सभावाले क्रिकेटवाल्यांकडे बोट दाखवितात, क्रिकेटवाले सभावाल्यांकडे, आणि आम्ही कट्टेवाले दोघांकडे. आम्ही सुचवितो ते असे: मैदानाचे चार भाग पाडावे, आणि त्यातला एक पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत पूर्ण बंद ठेवावा. तिथे ना सामना, ना मंडप, ना सकाळची फेरी. चार वर्षांत चारही भागांना पाळी मिळेल. परवा कट्ट्यावर आम्ही हे बोललो तेव्हा सर्वांनी मान डोलाविली. मग कोणीतरी विचारले, पहिला भाग कोणता? तेव्हा जो तो आपला कोपरा सोडून बाकीचे तीन दाखवू लागला.

आम्ही कट्ट्यासमोरचा भाग सुचविला आहे.