विस्तवाला जागा नेमून द्या

(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या महिला शाखेपुढे दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



उत्सवाच्या प्रसंगी भाजण्या-पोळण्याचा विषय कशाला, असे कोणास वाटेल. परंतु हळदीकुंकू आणि बोरन्हाण दिल्लीच्या ऐन कडाक्याच्या थंडीत येतात. घर पाहुण्यांनी भरते, मुले धावत असतात आणि मधोमध हीटर तापत असतो. म्हणूनच हा विषय निवडला.

आपल्याकडच्या जुन्या घरांत विस्तवाची जागा ठरलेली असे. चूल स्वयंपाकघरात, बंब न्हाणीघरात किंवा परसात. रांगते मूल तिकडे वळले की आजी हटकत असे. येथे मात्र पौष-माघात विस्तवच घरभर फिरतो. सकाळी पाण्याच्या बादलीत रॉड, संध्याकाळी अभ्यासाच्या टेबलाखाली हीटर, रात्री पलंगापाशी शेगडी, जिला येथे अंगीठी म्हणतात. हटकणारी आजी बहुधा शेकडो कोस दूर असते.

मुलाची त्वचा प्रौढाच्या त्वचेपेक्षा पातळ असते. ६० अंश सेल्सिअस तापलेले पाणी प्रौढाची त्वचाही सुमारे ५ सेकंदांत खोलवर भाजते. मुलाला त्याहून कमी वेळ पुरतो. रॉडने तापविलेले पाणी तर याहूनही कढत असू शकते. हीटरची तार बटण बंद केल्यावर काळी पडते, पण लगेच थंड होत नाही. आणि जखम भरली म्हणजे सारे संपले असेही नाही. तळहात खोल भाजला तर व्रणाची कातडी आकसते. हात वाढतो, व्रण त्या प्रमाणात वाढत नाही, आणि बोटे वाकडी होतात. मग शस्त्रक्रियेवाचून इलाज राहत नाही.

यास उपाय एकच : विस्तवाला पुन्हा जागा नेमून देणे. हीटर भिंतीलगत, जाळीसह, मूल, अंथरूण व पडदे यांपासून निदान ३ फूट दूर ठेवावा. त्यावर ओले कपडे वाळत घालू नयेत. रॉडची बादली असलेल्या न्हाणीघरास बाहेरून कडी असावी. बटण बंद करून पिन काढल्याविना पाण्यात बोट घालू नये. स्नानासाठी आधी गार पाणी, मग कढत, आणि कोपराने पाहून मगच मुलास बसवावे. काश्मीरहून आणलेली कांगडी शोभेस ठेवावी, मुलाच्या पांघरुणात नव्हे. बंद खोलीत शेगडी पेटती ठेवून झोपणे तर सर्वांत घातक. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो आणि झोपलेल्यास जाग येत नाही.

एवढे करूनही मूल भाजलेच तर पहिली धाव नळाकडे घ्यावी. भाजलेला भाग २० मिनिटे वाहत्या साध्या गार पाण्याखाली धरावा. उरलेले अंग उबदार ठेवावे. बांगड्या, वाळे, भिजलेले कपडे लगेच काढावेत. चिकटलेले कापड ओढू नये. हळद, तूप, शाई, दंतमंजन, बर्फ यांपैकी काहीही लावू नये. आजीच्या बटव्याविषयी मला आदर आहे, पण येथे पाणीच औषध होय. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापड सैल झाकून वैद्यकीय मदत घ्यावी. चेहरा, हात, पाय, सांधे किंवा गुह्यभाग भाजला असेल, अथवा मुलाच्या तळहाताहून मोठी जागा भाजली असेल, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

शेवटी एक सूचना. संक्रांतीस आपण वाण लुटतो. यंदा त्या वाणासोबत या चार गोष्टी लिहिलेला एक कागद प्रत्येक घरी द्यावा आणि तो न्हाणीघराच्या दारावर लावावा. दूरदेशी आपण एकमेकांच्या मुलांचे काका-मावशी झालो आहोत. दुसऱ्याच्या घरीही मूल हीटरकडे वळताना दिसले, तर संकोच न करता हटकावे. आजीचे ते काम आता आपणा सर्वांचे आहे.